पुनरागमनगीत (मुलींचे पॉप गट)

पॉप संगीतातील मुलींच्या गटातून एखादी सदस्य बाहेर पडल्यानंतर, उरलेल्या किंवा बदललेल्या सदस्यांनी गटाच्या त्याच नावाने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या स्वतंत्र गीताला (सिंगलला) पुनरागमनगीत असे म्हटले जाते. नेहमीच्या सिंगलचा हेतू नवा अल्बम लोकांपुढे आणणे एवढाच असतो. पुनरागमनगीताला त्याबरोबरच गट अजून अस्तित्वात आहे आणि गेलेल्या आवाजाशिवाय तो गाऊ शकतो, हे श्रोत्यांना, नभोवाणी व दूरचित्रवाहिन्यांना आणि ध्वनिमुद्रण कंपनीला पटवून द्यावे लागते.

ब्रिटनमधील स्पाइस गर्ल्स या गटाचे १९९८ मधील 'गुडबाय' हे या प्रकारातील सर्वाधिक परिचित गीत आहे. भारतात मुंबईत उदयास आलेल्या व्हिवा या गटाला २००३ च्या सुमारास अशाच प्रसंगाला सामोरे जावे लागले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया येथेही याची ठळक उदाहरणे आढळतात. या उदाहरणांचा एकत्रित विचार केल्यास एक गोष्ट दिसून येते. पुनरागमनगीताला मिळालेल्या पहिल्या प्रतिसादावरून गटाच्या भवितव्याचा अंदाज सहसा बांधता येत नाही. ते भवितव्य त्यानंतरच्या अल्बममधून आणि पुढील एक-दोन वर्षांतून स्पष्ट होते.

संज्ञा

सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळे काढून स्वतंत्रपणे विकले किंवा प्रसारित केले जाणारे गीत. ब्रिटन आणि अमेरिकेत अशा गीतांच्या साप्ताहिक क्रमवाऱ्या अनेक दशके प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्यामुळे तेथे एखाद्या गटाची लोकप्रियता एका गीताच्या एका आठवड्यातील क्रमांकावरून मोजण्याची सवय रुजली आहे. पुनरागमनगीताकडे लागलेल्या लक्षाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

'कमबॅक' हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरला जात नाही. दक्षिण कोरियातील पॉप उद्योगात गटाच्या प्रत्येक नव्या प्रकाशनाला 'कमबॅक' म्हणतात. तेथे दोन प्रकाशनांमध्ये काही महिनेच गेलेले असोत, वा कोणी गट सोडलेला नसो, तरी हाच शब्द वापरला जातो. जपानमध्ये सदस्याने गट सोडण्याला पदवी घेऊन शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडण्याचा शब्द लावला जातो आणि त्या प्रसंगी निरोपाचा जाहीर कार्यक्रम होतो. या लेखात पुनरागमनगीत ही संज्ञा सदस्य गेल्यानंतरचे पहिले गीत एवढ्याच मर्यादित अर्थाने वापरली आहे.

गटाची रचना

मुलींचे पॉप गट बहुधा निवडीतून तयार होतात. व्यवस्थापक, ध्वनिमुद्रण कंपनी किंवा दूरचित्रवाहिनी अनेक उमेदवारांमधून तीन ते सहा जणींची निवड करते. ही निवड करताना केवळ गोड गळा पाहिला जात नाही. एकीचा आवाज तार सप्तकात सहज जाणारा, दुसरीचा खर्जातला व भरदार, तिसरी नृत्यात निपुण, चौथी मुलाखतीत हजरजबाबी, असा मेळ घातला जातो. प्रत्येक सदस्येला वेगळी ओळख दिली जाते आणि प्रत्येक चाहत्याने त्यांपैकी एकीला आपली मानावे अशी अपेक्षा असते.

स्पाइस गर्ल्सच्या बाबतीत ही पद्धत टोकाला गेली होती. १९९६ मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' या मासिकाने पाचही जणींना टोपणनावे दिली. स्केअरी, स्पोर्टी, बेबी, जिंजर आणि पॉश ही ती नावे जगभर त्यांच्या खऱ्या नावांपेक्षा अधिक ओळखीची झाली. अशा गटातून एक जण गेली की केवळ गायिका कमी होत नाही. चाहत्यांच्या मनातील संचातले एक पात्र नाहीसे होते आणि त्या पात्राची जागा दुसऱ्या कोणाला देणे अवघड जाते.

महाराष्ट्रातील तमाशाच्या फडाची रचना याच्या उलट आहे. फड मालकाच्या किंवा प्रमुख कलावंताच्या नावाने ओळखला जातो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा फड किंवा लहू व अंकुश खाडे या जुळ्या भावांचा 'काळू-बाळू' फड ही त्याची परिचित उदाहरणे होत. इतर कलावंत हंगामापुरती उचल घेऊन फडात येतात आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या फडात जाऊ शकतात. असा बदल प्रेक्षकांना अनपेक्षित नसतो. फडाचे नाव ज्याच्यावर उभे आहे तो कलावंत असेपर्यंत फडाची ओळख टिकून राहते. पॉप गटात मात्र नाव एकाचे नसते, ते सर्वांचे मिळून असते. त्यामुळे त्यातून कोणीही गेले तरी नावाच्या अर्थाविषयीच प्रश्न निर्माण होतो.

स्वरवाटपाची फेरमांडणी

गटगायनात मुखडा सामान्यतः सर्व जणी मिळून गातात, तर अंतऱ्यातील ओळी वाटून दिलेल्या असतात. शेवटच्या भागातील हरकती आणि उंच स्वर बहुधा एखाद-दुसऱ्या सदस्येकडे असतात. एक सदस्य गेल्यावर ही वाटणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी मुख्यतः चार मार्ग वापरलेले आढळतात.

पहिला मार्ग म्हणजे गेलेल्या सदस्येच्या ओळी उरलेल्यांमध्ये वाटून देणे. जुन्या गाण्यांच्या रंगमंचीय सादरीकरणासाठी हा सर्वांत तातडीचा उपाय आहे. मात्र ज्या पट्टीत एकीचा आवाज खुलतो तीच पट्टी दुसरीला सोयीची असेलच असे नाही. नृत्यरचनेतही पाच जणींची आकृती चार जणींसाठी पुन्हा बसवावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे तयार असलेल्या गीताचे नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रण करणे. ब्रिटनमधील बनानारामा या त्रयीतून १९८८ मध्ये शिव्हॉन फेही बाहेर पडल्या आणि जॅकी ओसलिव्हन आल्या. 'आय वॉन्ट यू बॅक' हे गीत १९८७ च्या 'वॉव!' या अल्बममध्ये फेही यांच्यासह आलेले होते. सिंगल म्हणून प्रसिद्ध करताना ते नव्या सदस्येसह पुन्हा गायले गेले आणि ब्रिटनच्या क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत पोहोचले. शुगाबेब्स या गटाने २००६ मध्ये हाच मार्ग अवलंबला. डिसेंबर २००५ मध्ये मुत्या ब्वेना यांनी गट सोडल्यावर अमेल बेराबा यांच्या आवाजात 'रेड ड्रेस' हे गीत पुन्हा मुद्रित करण्यात आले. तेही ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले.

तिसरा मार्ग म्हणजे नवे गीत उरलेल्या आवाजांसाठीच लिहिणे. यात जुन्या आवाजाशी थेट तुलना टळते. 'गुडबाय' हे या प्रकारात मोडते.

चौथा मार्ग म्हणजे नव्या सदस्येला पुढे करून गटाचा आवाजच बदलणे. जपानमधील मॉर्निंग मुसुमे या गटाच्या बाबतीत असे घडले.

भारतातील उदाहरण: व्हिवा

'पॉपस्टार्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा मूळ आराखडा न्यूझीलंडचा आहे. तेथे १९९९ मध्ये त्यातून ट्रूब्लिस हा मुलींचा गट तयार झाला. हा आराखडा पुढे अनेक देशांत वापरला गेला. भारतात चॅनल व्ही या संगीतवाहिनीने २००२ मध्ये तो आणला आणि त्यातून व्हिवा या गटाची निवड झाली. सीमा रामचंदानी, प्रतीची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा या त्याच्या पाच सदस्य होत्या. 'हम नये गीत सुनाएँ' आणि 'जागो ज़रा' ही या गटाची सर्वाधिक परिचित गीते आहेत.

या गटाची घडण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर झाली होती. चाचणी, निवड, नकार आणि सराव या सगळ्या पायऱ्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या होत्या. त्या काळात उपग्रह वाहिन्या केबलजोडणीतून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यामुळे मुंबईत आकाराला आलेला गट बुलढाणा, खामगाव किंवा मलकापूर येथील केबल असलेल्या घरातही त्याच वेळी पाहता येत असे. ज्या गटाचे गाणे ऐकण्याआधीच त्याच्या सदस्यांशी प्रेक्षकांची ओळख झालेली असते, त्या गटातून एखादी सदस्य जाणे अधिक ठळकपणे जाणवते.

पहिल्या अल्बमनंतर सीमा रामचंदानी गटातून बाहेर पडल्या. उरलेल्या चौघींनी 'व्हिवा रीलोडेड' हा दुसरा अल्बम २००३ मध्ये आणला. गट नव्याने सज्ज झाला आहे हे सांगण्याचा हेतू अल्बमच्या नावातच दिसतो. पाचव्या जागी नवी सदस्य न घेता चार जणींचा गट म्हणूनच लोकांपुढे येण्याचा पर्याय येथे निवडला गेला.

भारतात पुनरागमनगीताचे स्वरूप पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळे होते. येथे सिंगलची वेगळी बाजारपेठ नव्हती. कॅसेट आणि सीडी विकली जाई ती अल्बमची, आणि अल्बममधील गीत लोकांपर्यंत पोहोचे ते संगीतवाहिनीवरील चित्रफितीतून. त्यामुळे ब्रिटनमध्ये जे काम साप्ताहिक क्रमवारी करत होती ते भारतात वाहिनीवर चित्रफीत किती वेळा दाखवली जाते यावर अवलंबून होते. ज्या वाहिनीने गट घडवला तिचा पाठिंबा हा गटाचा मोठा आधार होता. वाहिनी पुढच्या पर्वाकडे वळली की हा आधार विरळ होणे स्वाभाविक होते. 'पॉपस्टार्स'च्या पुढील पर्वातून आसमा हा मुला-मुलींचा संमिश्र गट तयार झाला. त्यात नीती मोहन, वसुधा शर्मा, संगीत हळदीपूर आणि जिमी फेलिक्स यांचा समावेश होता.

त्यानंतर व्हिवा फार काळ टिकला नाही. १९९० च्या दशकात बहरलेले बिगरचित्रपट हिंदी पॉप, म्हणजेच इंडीपॉप, याच काळात ओसरू लागले होते. गायिकांसाठी हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायन हा अधिक स्थिर मार्ग होता. नेहा भसीन यांना 'सुलतान' (२०१६) या चित्रपटातील 'जग घूमेया' या गीतासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अनुष्का मनचंदा यांनीही चित्रपटगीते गायली आणि दूरचित्रवाणीवर सूत्रसंचालन केले. आसमामधील नीती मोहन यांचीही पार्श्वगायिका म्हणून ओळख झाली. भारतात गटापेक्षा एकट्या आवाजाला अधिक वाव होता, हे या वाटचालींवरून दिसते.

इतर प्रमुख उदाहरणे

स्पाइस गर्ल्स: 'गुडबाय'

स्पाइस गर्ल्सची पहिली सहा सिंगल्स ब्रिटनच्या क्रमवारीत सलग पहिल्या स्थानी गेली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये गटाने आपले व्यवस्थापक सायमन फुलर यांच्याशी संबंध तोडले आणि कारभार स्वतःकडे घेतला. मे १९९८ मध्ये जेरी हॅलिवेल काही कार्यक्रमांना अनुपस्थित राहिल्या आणि ३१ मे रोजी त्यांनी गट सोडल्याचे जाहीर झाले. तेव्हा उत्तर अमेरिकेचा दौरा अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता. उरलेल्या चौघींनी हॅलिवेल यांच्या ओळी वाटून घेत तो दौरा पूर्ण केला.

जुलै १९९८ मध्ये 'व्हिवा फॉरएव्हर' हे सिंगल प्रसिद्ध झाले. त्यात हॅलिवेल यांचा आवाज होता, आणि बाहुल्यांच्या सचलपटातून साकारलेल्या त्याच्या चित्रफितीत पाचही जणींच्या प्रतिमा होत्या. म्हणजे सदस्य गेल्यानंतर आलेले पहिले प्रकाशन हे प्रत्यक्षात जुन्या गटाचे शेवटचे गीत होते. नव्या चौकडीचे पहिले गीत त्यानंतर आले.

'गुडबाय' हे गीत गटाने रिचर्ड स्टॅनर्ड आणि मॅट रो यांच्यासह लिहिले. हीच निर्माता-जोडी गटाच्या पहिल्या सिंगलपासून त्यांच्यासोबत होती. गीताचे काम अमेरिकेच्या दौऱ्यादरम्यान नॅशव्हिल येथे झाले. मैत्रिणीला निरोप देण्याचा विषय घेऊन गटाने झालेली घटना लपवण्याऐवजी तिलाच गीताचा आशय बनवले. रागाचा किंवा दोषारोपाचा सूर त्यात नाही. संथ लय आणि एकत्रित स्वरमेळ यांमुळे कोणा एकीचा आवाज वेगळा उठून दिसण्यापेक्षा चौघींचे एकत्र गाणे अधिक जाणवते.

हे गीत १४ डिसेंबर १९९८ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले आणि नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९९६ मधील 'टू बिकम वन' आणि १९९७ मधील 'टू मच' यांच्यानंतरचे हे गटाचे नाताळातील सलग तिसरे अग्रस्थान होते. यापूर्वी १९६३ ते १९६५ या काळात बीटल्सने ही कामगिरी केली होती. अमेरिकेत 'बिलबोर्ड हॉट १००' या क्रमवारीत गीताने अकरावे स्थान मिळवले.

या यशानंतर गटाचे पुढील प्रकाशन येण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. ऑक्टोबर २००० मध्ये 'हॉलर' आणि 'लेट लव्ह लीड द वे' हे दुहेरी सिंगल पहिल्या स्थानी गेले, परंतु नोव्हेंबरमध्ये आलेला 'फॉरएव्हर' हा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर थांबला. त्याच आठवड्यात वेस्टलाइफ या आयरिश मुलांच्या गटाचा अल्बम पहिल्या स्थानी होता. 'गुडबाय' या अल्बमचे शेवटचे गीत म्हणून समाविष्ट करण्यात आले. त्यानंतर गटाचे एकत्र काम थांबले. २००७-०८ च्या पुनर्मीलन दौऱ्यात हॅलिवेल यांच्यासह पाचही जणी पुन्हा एकत्र आल्या.

डेस्टिनीज चाइल्ड: 'इंडिपेंडंट विमेन' आणि 'सर्व्हायव्हर'

अमेरिकेतील डेस्टिनीज चाइल्ड या चौघींच्या गटात १९९९ च्या अखेरीस व्यवस्थापनावरून वाद झाला. गटाचे व्यवस्थापक मॅथ्यू नोल्स हे प्रमुख गायिका बियॉन्से यांचे वडील होते. लटोया लकेट आणि लटाव्हिया रॉबर्सन यांनी स्वतंत्र व्यवस्थापकाची मागणी केली. फेब्रुवारी २००० मध्ये 'से माय नेम' या गीताची चित्रफीत प्रसारित झाली, तेव्हा तिच्यात या दोघींच्या जागी मिशेल विल्यम्स आणि फॅरा फ्रँकलिन दिसल्या. गीताचे ध्वनिमुद्रण मात्र आधीच्या संचाचे होते. काही महिन्यांतच फ्रँकलिनही बाहेर पडल्या आणि गट तिघींचा झाला.

'चार्लीज एंजल्स' या चित्रपटासाठी प्रसिद्ध झालेले 'इंडिपेंडंट विमेन पार्ट वन' अमेरिकेच्या क्रमवारीत सलग ११ आठवडे पहिल्या स्थानी राहिले. २००१ मध्ये 'सर्व्हायव्हर' आले. एका नभोवाणी केंद्रावर गटातील गळतीची तुलना त्याच नावाच्या दूरचित्रवाणी स्पर्धेशी करण्यात आली होती. त्या विनोदाला उत्तर म्हणून हे गीत सुचल्याचे सांगितले जाते. त्यातील शब्द आपल्याला उद्देशून आहेत, असा दावा करत लकेट आणि रॉबर्सन यांनी न्यायालयात धाव घेतली आणि ते प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. 'गुडबाय'मध्ये निरोप होता, तर येथे प्रत्युत्तर होते. पुनरागमनगीतांच्या आशयाची ही दोन टोके मानता येतात.

डेस्टिनीज चाइल्डची मुख्य गायिका गटातच राहिली होती, हा या उदाहरणातील निर्णायक भाग आहे. पूर्वीच्या गीतांतही अंतऱ्याचा मोठा भाग बियॉन्से यांच्याच आवाजात होता. त्यामुळे सदस्य बदलूनही श्रोत्यांना गटाचा आवाज ओळखीचा वाटत राहिला.

मॉर्निंग मुसुमे: 'लव्ह मशीन'

जपानमधील मॉर्निंग मुसुमे या गटातून एप्रिल १९९९ मध्ये असुका फुकुदा बाहेर पडल्या. त्या गटातील प्रमुख गायिकांपैकी एक होत्या. उरलेल्या सात जणींचे जुलै १९९९ मधील 'फुरुसातो' हे सिंगल आधीच्या यशाच्या मानाने मागे पडले. त्यानंतर गटात माकी गोतो या नव्या सदस्येला घेण्यात आले आणि सप्टेंबर १९९९ मध्ये 'लव्ह मशीन' हे वेगवान नृत्यगीत प्रसिद्ध झाले. त्याच्या १६ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. सदस्य जाणे आणि नव्या सदस्येने येणे हा पुढे या गटाचा नियमच झाला. त्यामुळे मूळ सदस्यांपैकी कोणीही उरले नसतानाही गट चालू राहिला. पॉप गटाची रचना फडाच्या रचनेच्या जवळ नेणारे हे उदाहरण आहे.

फिफ्थ हार्मनी: 'डाउन'

फिफ्थ हार्मनी हा पाच जणींचा गट २०१२ मध्ये अमेरिकेतील 'द एक्स फॅक्टर' या स्पर्धेतून तयार झाला. डिसेंबर २०१६ मध्ये कमिला कबेयो बाहेर पडल्या. आपल्याला हा निर्णय त्यांच्या प्रतिनिधींकडून कळला असे गटाने जाहीर केले, तर कबेयो यांनी त्या निवेदनाशी असहमती दर्शवली. जून २०१७ मध्ये चौघींचे 'डाउन' हे सिंगल आले आणि अमेरिकेच्या क्रमवारीत ४२ व्या स्थानापर्यंत गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात गटाच्या सादरीकरणाच्या आरंभी मंचावर पाच आकृत्या दिसल्या आणि त्यांपैकी एक मागे खेचली जाऊन नाहीशी झाली. या दृश्यावर मोठी चर्चा झाली. गटाचे नावच 'पाचवी' या अर्थाच्या शब्दाने सुरू होत असल्याने संख्या कमी झाल्याची आठवण नावातूनच होत राहिली. मार्च २०१८ मध्ये गटाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले.

लिटल मिक्स

ब्रिटनमधील लिटल मिक्स या गटातून डिसेंबर २०२० मध्ये जेसी नेल्सन बाहेर पडल्या. गटात असण्याचा आपल्या मानसिक आरोग्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, त्यांचा आवाज असलेले 'स्वीट मेलडी' हे आधीच प्रसिद्ध झालेले गीत ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी पोहोचले. एप्रिलमध्ये तिघींनी 'कन्फेटी' या गीताची नवी आवृत्ती अमेरिकी रॅपर सवीटी यांच्यासह आणली. मे महिन्यात गलांटिस आणि डेव्हिड गेटा यांच्यासह केलेले 'हार्टब्रेक अँथम' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. दोन्ही वेळा गेलेल्या आवाजाची जागा गटाबाहेरच्या पाहुण्या कलावंताने भरून काढली. २०२२ मधील दौऱ्यानंतर गटाने विश्रांती घेतली.

दक्षिण कोरिया

टूएनईवन या गटातून २०१६ मध्ये मिन्झी बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी गट विसर्जित होत असल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०१७ मध्ये तिघींचे 'गुडबाय' हे गीत आले. ते पुनरागमनाचे नव्हे, तर समारोपाचे गीत होते. याउलट (जी)आयडल या गटातून ऑगस्ट २०२१ मध्ये सूजिन बाहेर पडल्यावर पाच जणींनी मार्च २०२२ मध्ये 'टॉमबॉय' प्रसिद्ध केले आणि ते कोरियातील प्रमुख क्रमवारीत पहिल्या स्थानी गेले. गटाची नेता सोयॉन स्वतः गीतलेखन आणि निर्मिती करत असल्याने सदस्यसंख्या घटली तरी गटाची संगीतदृष्टी कायम राहिली.

नाव आणि हक्क

सदस्य गेल्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न कराराच्या आणि व्यापारचिन्हाच्या नोंदणीच्या आधारे सुटतो. नाव कंपनीकडे किंवा व्यवस्थापकाकडे असल्यास सदस्य बदलून गट चालू ठेवता येतो. शुगाबेब्समध्ये हे टोकाला गेले. मूळ तिघींपैकी शिव्हॉन डॉनही २००१ मध्ये, मुत्या ब्वेना २००५ मध्ये आणि कीशा ब्यूकॅनन २००९ मध्ये बाहेर पडल्या. त्यानंतर गटात एकही मूळ सदस्य उरली नाही, तरी नाव तेच राहिले. मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना आपल्याच गटाचे नाव वापरता आले नाही आणि त्यांनी आपली पहिली नावे जोडून काम केले. २०१९ मध्ये त्यांना शुगाबेब्स हे नाव पुन्हा वापरता येऊ लागले.

परिणाम आणि मूल्यमापन

पुनरागमनगीताला मिळणाऱ्या पहिल्या प्रतिसादात संगीताबाहेरच्या अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. गट का फुटला याविषयीची उत्सुकता, वृत्तपत्रांतील प्रसिद्धी आणि निष्ठावान चाहत्यांची गटाला सावरून धरण्याची इच्छा यांचा त्यात मोठा वाटा असतो. चाहते पहिल्या आठवड्यात खरेदी करून आपला पाठिंबा दाखवतात. हा पाठिंबा एका गीतापुरता पुरतो. पुढील अल्बमसाठी मात्र नव्या श्रोत्यांची गरज भासते. 'गुडबाय' पहिल्या स्थानी गेले तरी त्यानंतरच्या अल्बमबरोबर स्पाइस गर्ल्सचे काम थांबले, हे याचे ठळक उदाहरण आहे.

जे गट सदस्य गेल्यानंतरही दीर्घकाळ टिकले त्यांच्यात पुढीलपैकी किमान एक गोष्ट आढळते. गटाचा ओळखीचा मुख्य आवाज गटातच राहिला (डेस्टिनीज चाइल्ड), गीतनिर्मिती करणारी सदस्य गटात राहिली ((जी)आयडल), किंवा सदस्य बदलणे हाच गटाचा रिवाज बनला (मॉर्निंग मुसुमे, शुगाबेब्स). यांपैकी काहीच नसेल, तर चांगल्या पुनरागमनगीतानंतरही गटाला मिळालेला वेळ मर्यादित ठरतो.

या गीतांचे मूल्यमापन करताना गेलेल्या सदस्येची बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. गट आपली भूमिका गीतातून, चित्रफितीतून आणि मुलाखतींतून मांडू शकतो. गेलेल्या सदस्येवर अनेकदा कराराची बंधने असतात आणि तिला स्वतःचे पहिले गीत येईपर्यंत थांबावे लागते. जेरी हॅलिवेल यांचे 'लुक अ‍ॅट मी' हे पहिले एकल गीत मे १९९९ मध्ये, म्हणजे गट सोडल्यानंतर सुमारे वर्षभराने आले. कमिला कबेयो यांचे 'हवाना' जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्थानी पोहोचले, तेव्हा फिफ्थ हार्मनीचे काम थांबण्यास दोनच महिने उरले होते. त्यामुळे सदस्यत्यागानंतर काय घडले हे समजण्यासाठी गटाचे पुनरागमनगीत आणि गेलेल्या सदस्येचे पहिले एकल गीत ही दोन्ही एकत्र ऐकणे उपयुक्त ठरते.